चोळीबांगडीची रक्कम

सर्जापूर रोड, बंगळूर
बलिप्रतिपदा

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

म्युनिकमध्ये तुला भरघोस वेतन असता दर दिवाळीस मामाने चोळीबांगडीची रक्कम का पाठवावी, ती एखाद्या गरजूस का देऊ नये, असे तू विचारलेस. ती रक्कम माझी नाही. म्हणून तिचा विनियोग ठरविण्याचा अधिकारही मला नाही.

कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याजवळ, जेथे आज रात्री दहापर्यंत वाहनांची रांग हलत नाही, तेथे नाचणीची शेते होती त्या काळी तुझ्या आजीने पाटल्या मोडून तीस बाय चाळीसची एक जागा स्वतःच्या नावे घेतली. पुढे तीवर दोन गाळे उठले. भाड्याची नोंद ती निळ्या शाईने, लांब वहीत, स्वहस्ते करी. सही घेतल्यावाचून गाळेकऱ्यास चहा देत नसे, आणि चहा झाल्यावाचून उठू देत नसे. वडिलांच्या आजारपणात घर गहाण टाकण्याचे घाटत असता "माझे भाडे आहे ना," एवढेच ती म्हणाली.

मृत्युपत्र करताना तिने वकिलांस दीपाबाईंची हकीकत ऐकविली. दीपाबाई इंगळ्यांची कन्या, व्यंकोजीराजांची पत्नी, आणि तंजावरच्या गादीवर एकामागून एक बसलेल्या शहाजी, सरफोजी व तुकोजी या तिघांची माता. १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजीमहाराज व व्यंकोजी या सावत्र बंधूंत पित्याच्या दौलतीवरून तंटा विकोपास जाऊन लढाईही झाली, तेव्हा पतीस समेटाकडे वळविणारी हीच बाई, असे बखरी सांगतात. आणि पुढील तहात महाराजांनी बंगळूर व भोवतालचा मुलूख भावजयीस चोळीबांगडीसाठी तोडून देऊन तो कन्यापरंपरेने चालावा असे कलम घातले. पण १६८७ साली बंगळूर मोगलांच्या हाती पडून लागलीच तीन लाखांस म्हैसूरकर चिक्कदेवरायांकडे गेले. एवढे थोर कलम जेमतेम दहा वर्षे टिकावे, याची आजीस मनापासून हळहळ वाटे. म्हणून आपले कलम तिने रीतसर नोंदवून घेतले : भाडे लेकीस, लेकीमागे तिच्या लेकीस, मुलाने केवळ व्यवस्था पाहावी.

यंदा एका गाळ्याचा करार नवा झाला. नक्कल सोबत आहे. वहीत तुझी सही राहिली आहे, ती डिसेंबरात येशील तेव्हा कर. गरजूस द्यावयाचे तर तू दे. कोणास दिलेस, हे मला कळविण्याचेही कारण नाही.

तुझा
मामा