शहाण्णव पानांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने एक लाकडी पेटी आमच्यापुढे आणून ठेवली. सरकते झाकण, त्यावर रंगविलेली वेलबुट्टी आणि आत लहान पुरीएवढ्या गोल, लाखेचा लेप दिलेल्या गंजिफा. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडचे. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. "फादर, तुम्ही वाचलेली माणसं. याचे काय येतील ते सांगा," घरातील थोरले म्हणाले.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पत्ते नव्हे. परंतु 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची सवय आमच्या पेशाला कमीच. आम्ही पुस्तके चाळली. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद बाबरनाम्यात सापडली. मोगल गंजिफेत आठ रंग; प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने; एकूण ९६. आम्ही पाने मोजली. बरोबर ९६ भरली. "संच पूर्ण आहे," आम्ही ठामपणे सांगून टाकले. त्या शब्दावर थोरल्यांनी एका संग्राहकाशी सौदा ठरविला.

संग्राहक आले ते भिंग घेऊनच. सावंतवाडीत ही कला विझत आली असता शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले या राजदांपत्याने ती वृद्ध कारागिरांकडून शिकून घेऊन जगविली. तेथे नवे संच आजही रंगविले जातात, म्हणून जुने कोणते नि नवे कोणते ही पारख आधी. छापील चित्रात भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. येथे कुंचल्याचे फटकारे होते, एका माशासारखा दुसरा मासा नव्हता. पाठीवरून पान ओळखू येऊ नये म्हणून पाठ एकरंगी, कोरी. कडांवरची लाख बोटांनी झिजलेली. पाने जुनी होती, खेळलेली होती. आम्ही सुखावलो. तोच त्यांनी विचारले, "फादर, यात मासे आहेत, कासवं आहेत, परशू आहेत. ही मोगल गंजिफा कशी?"

ती दशावतारी होती. दहा अवतारांचे दहा रंग, पाने १२०. सारे आमच्या डोळ्यांपुढे होते. पण आकडा जुळला आणि आम्ही पाहणे थांबविले. राम व कृष्ण हे दोन रंगच पेटीत नव्हते. अपुऱ्या संचाला पुऱ्या संचाच्या मानाने फारच थोडे मोल येते. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये ती परदेशी विकता येणार नाही, हेही त्यांनी बजावले. सौदा मोडला. आमच्या चुकीचा भार त्या मुलीच्या फीवर पडला.

उरलेली २४ पाने कोठे गेली, हे थोरल्यांच्या वृद्ध आईने सांगितले. "वाटणीत गेली, फादर." घर वाटले गेले तेव्हा धाकट्याने वडिलांची आठवण म्हणून दोन रंग उचलून नेले, थोरल्यांनी त्याला चोरी म्हटले. तेव्हापासून भावाभावांत बोलणे नव्हते. थोरल्यांना हे सारे ठाऊक होते. आमच्या 'पूर्ण' या शब्दाआड ते गप्प बसले होते.

आम्ही जालन्याला धाकट्यांकडे गेलो. समेटाचा उपदेश केला नाही. केवळ आपली चूक सांगितली. पुढच्या रविवारी ते स्वतःच छावणीत आले. रुमालात २४ पाने होती.

आईने ती चाचपून पाहिली. तिचे सासरे शेजाऱ्यांबरोबर खेळत, त्यातील एवढेच तिला आठवत होते: दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. म्हणजे या दोन रंगांवाचून आमच्या शहाण्णव पानांचा डाव सुरूच होणार नव्हता.

"दिवे लागले का रे?" तिने विचारले.

"लागले, आई," धाकटे म्हणाले. थोरल्यांनी कृष्णाचा राजा शोधून तिच्या पुढ्यात ठेवला.

फीचा पहिला हप्ता धाकट्यांनी भरला. संच विकावा की ठेवावा, यावर भावांचे अद्याप एकमत नाही. मात्र आता तो वाद ते एकमेकांशी बोलून घालतात.