मिरचीच्या पैशातला ओटा

पिंपळगाव रेणुकाईत घराला जे काही होतं ते मिरचीवर होतं. उन्हाळ्यात लागवड, आषाढाच्या सुमारास तोडणी सुरू, आणि मग हिरव्या मिरचीच्या पोत्यांनी बाजार भरतो, भरलेले ट्रक परराज्यांत निघतात. खत-औषधांची उधारी, तोडणीची मजुरी, लेकरांचा खर्च वजा जाऊन काही उरलंच, तर ते उरतं दसरा काढायच्या दिवसांत. नवरात्राआधी घरातलं एकूण एक भांडं अंगणात येतं, गोधड्या धुतल्या जातात, भिंती झटकल्या जातात. स्वयंपाकघर रिकामं होतं ते तेव्हाच. म्हणून आमचं स्वयंपाकघर झालं ते असं, एका दसऱ्याला एक गोष्ट.

मी जालन्याची. लग्न होऊन आले तेव्हा हे घर माळवदाचं, जाडजूड मातीच्या भिंतींचं. वैशाखातही आत गारवा. पण स्वयंपाकघर सगळ्यात मागं आणि त्याला खिडकी नाही. माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून उजेड यायचा, तिथूनच धूर जायचा आणि पावसाळ्यात तेही झाकलेलं असायचं. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की ओसरीपर्यंत सगळं घर ठसकायचं. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हयात त्या चुलीपुढं गेली होती. अंधारातही त्यांचा हात बरोबर मिठाच्या बरणीवर जाई. माझा जात नसे. दिवसातले सर्वाधिक तास जिथं काढायचे, तिथली एकही जागा मी ठरवलेली नव्हती. हे घर मला परकं वाटत होतं ते त्यामुळं, माणसांमुळं नव्हे.

पहिली गोष्ट मागितली ती खिडकी. आत्याबाई म्हणाल्या, "काऊन गं, भिंतीला भोक पाडून काय पाहणार हायेस?" मी म्हटलं, "आत्याबाई, पाहायचं काही नाही, तुमच्या डोळ्यांना धूर लागतो ना, तो जाऊ द्यायचाय." त्यांनी नाही म्हटलं नाही. मातीच्या भिंतीत खिडकी पाडणं जोखमीचं काम असतं. गवंडीदादांनी आधी वरचा भार पेलायला जुनं सागवानी लाकूड भिंतीत बसवलं, दोन्ही बाजूंना हातभर आत. मग खालची माती काढली. पूर्वेचं ऊन चुलीपर्यंत आलं. चार-आठ दिवसांत आत्याबाईंचं सूप आणि ज्वारी निवडायची बैठक आपोआप त्या खिडकीखाली गेली.

२०१२ साली दुष्काळ पडला. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, मिरचीचं तर नावच नको. त्या वर्षी स्वयंपाकघरात टँकरच्या पाण्याचे ड्रम आले आणि वावरायला जागा उरली नाही. पण पाणी कुठून आत येतं, कुठं सांडतं, कुठून बाहेर काढलं तर परसातल्या कढीपत्त्याला मिळतं, हे सगळं तेव्हा पायाखाली कळलं. पुढं सिंक आणि मोरी बसवली ती त्याच कोपऱ्यात.

रंगाच्या बाबतीत मी हट्ट धरला. सगळे ऑइल पेंट सांगत होते, कुणी सिमेंटचा गिलावा. मातीच्या भिंतीला दोन्ही मानवत नाही. सिमेंट मातीला धरून राहत नाही, आत मुरलेला ओलावा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पोपडे सुटतात. म्हणून चुनकळी आणली, पाण्यात विरवली, गाळली, त्यात डिंकाचं पाणी आणि थोडी नीळ. भाव पडलेल्या वर्षीही एवढं परवडतं. आम्ही दोघींनी मिळून भिंतींना चुना दिला. आत्याबाई खालचा पट्टा, मी वरचा.

सगळ्यात जास्त वेळ लागला ओट्याला. ओटा मला हवा होता, पण सगळीकडं घालतात तो नको होता. गवंडी बहुतेक घरी तेहतीस-चौतीस इंचांचा ओटा बांधतात. माझी उंची बेताची. शिवाय आपल्याकडं रोज भाकरी, आणि भाकरी थापायला वरून जोर लागतो. हात उंच राहिला तर खांदे दुखतात, फार वाकावं लागलं तर कंबर जाते. मी कोरड्या विटा रचल्या, त्यावर काठवट ठेवली आणि त्यावरच भाकरी थापू लागले. एक थर काढला, पुन्हा थापून पाहिलं. ओटा कोपरापासून सहा इंच खाली आला तेव्हा हात सुखी झाला. तीस इंच. त्या मापाचा कडप्पा बसला. आत्याबाईंना बसूनच काम जमतं, म्हणून पाटा-वरवंटा खालीच ठेवला आणि त्यांच्या बाजूला शहाबादी फरशी घातली. ओटा आला म्हणून खालची बैठक मोडायची, हे मला पटत नाही. एका घरात दोन वयाच्या बायका राबतात, तर दोन उंच्या हव्यात.

चूल आता परसात पत्र्याखाली आहे. २०१६ साली उज्ज्वला आली, गल्लीत सिलिंडर वाढले. आमच्याकडं चहा-वरण गॅसवर, मिरच्या मात्र बाहेरच भाजायच्या. तोडणीवरून आलेल्या बायकांच्या हातांची आग होत असते. त्या मागच्या दारानं येतात, गोडं तेल कुठं आहे हे कुणाला विचारत नाहीत. त्या पहिल्यांदा न विचारता आत आल्या, तेव्हा मला हे घर माझं वाटलं.

गावात घरकुलं बांधली जाताहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला २०१६पासून किमान २५ चौरस मीटर जागा धरलेली आहे आणि त्यातच स्वयंपाकासाठी स्वच्छ, स्वतंत्र जागा. तरी बैठकीला टाइल्स आधी येतात आणि स्वयंपाकघर राहिलेल्या पैशात आणि राहिलेल्या कोपऱ्यात होतं. घर बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पायाची फक्की टाकण्याआधी घरात जी भाकरी थापते तिला त्या जागेवर न्या. खिडकी कुठं हवी आणि ओटा किती उंच हवा, हे तिला विचारा, आणि ती सांगेल त्या मापानं बांधा.