खाजोटी ओळखताना

पाऊस सरत आला की भीमाशंकरच्या जंगलात, ओलसर सावलीत खाजोटी छातीपर्यंत वाढते. बरोबरचे काका कोयत्याने फांदी बाजूला सारत म्हणाले, "अंग लागू देऊ नका ताई." मागून कोणी तिला खाजकुहिली म्हटलं, कोणी खाजकोलती. अंगाला खाज सुटली की नाव ठरलं, असा आपला खाक्या!

वास्तविक त्या दोन्ही वेली. खाजकुहिलीचं पान तीन पर्णिकांचं आणि खाज शेंगेवरच्या लवेत. खाजकोलती एरंडाच्या कुळातली, तीन कप्प्यांच्या फळाची. खाजोटी तर ताठ उभं झुडूप.

पानाच्या आकारावर मी भिस्त ठेवत नाही. एकाच खोडावर एक पान पाच-सात भागांत चिरलेलं, तर दुसरं जेमतेम तीन. म्हणून चिमट्याने शेंडा धरून देठाचा सांधा भिंगाखाली घेतला. देठ आणि खोड यांच्या मध्ये दोन उपपर्णं जुळून एकच पातळ पापुद्रा झाला होता, टोकाशी तेवढा दुभंगलेला. खालच्या पेरांवरचा तो गळून जातो, तेव्हा पाहायचा तो शेंडाच. शिवाय पानं एकाआड एक. हिमालयातही अंगाला झोंबणारी बिच्छूबुटी असते, तिची मात्र समोरासमोर. फोटोंवरून ओळखणारे नेमकं हेच बघत नाहीत.

खोडावरचे केस भिंगाखाली काचेच्या नळीसारखे दिसतात. टोकाला बारीकशी गाठ. धक्का लागला की ती तुटते, तिरकी धार उरते आणि हिस्टामाइन, अ‍ॅसिटिलकोलीन असलेला द्रव थेट कातडीत उतरतो. चिमटा असूनही माझ्या मनगटावर पांढरट गांधी उठल्याच. आधी आग, खाज मागाहून.

नरफुलांचे तुरे खालच्या बाजूला होते, मादीफुलांचे वर, आणि या वरच्या तुऱ्यांवर तर नुसते केसच केस. फळ चपटं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. 'जिरार्डिनिया डायव्हर्सिफोलिया' असं वहीत लिहीत होते, तेवढ्यात काकांनी दुमडून रेशमाने शिवलेलं एक पान दाखवलं. आत काटेरी अळी होती, इंडियन रेड अ‍ॅडमिरल फुलपाखराची. तिला खायला खाजोटीच्याच कुळातली झाडं लागतात, त्यामुळे कूळ पटवायला माझ्या लेखी तीही साक्ष चालते.