वाजते ते वाद्य

वाद्य कशाला म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पेटी, व्हायोलिन, सनई, तबला ह्यांविषयी कोणाचे दुमत होणार नाही. परंतु दारूची रिकामी बाटली, तोफगोळ्याचे पितळी आवरण, मोटारीच्या चाकावरील झाकण आणि विजेचा दिवा ह्यांची गणना वाद्यांत करावी काय? हॅरी पार्च ह्या अमेरिकन संगीतकाराने ह्या प्रश्नाचे उत्तर उभ्या आयुष्याने दिले. काही वर्षांपूर्वी आप्तांच्या भेटीसाठी सिएटलला जाण्याचा योग आला असता, तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगीत विभागाने पार्चच्या वाद्यांवर सादर केलेला कार्यक्रम ऐकण्याची संधी आम्हांला लाभली. तेव्हापासून ह्या प्रश्नाने आमची पाठ सोडलेली नाही.

पार्चचा जन्म १९०१ सालचा. त्याचे आईवडील चीनमध्ये प्रेस्बिटेरियन मिशनरी होते आणि त्याच्या जन्मापूर्वीच ते मायदेशी परतले होते. १९३० साली ह्या तरुणाने तोवर रचलेले आपले सारे संगीत एका लोखंडी शेगडीत जाळून टाकले. प्रचलित स्वररचनेत मानवी वाणीचे बारकावे मावत नाहीत, अशी त्याची खात्री झाली होती. पुढे मंदीच्या काळात त्याने भटक्या बेकारांबरोबर दिवस काढले. रस्त्याच्या कठड्यावर वाटसरूंनी खरडलेल्या ओळींनाही त्याने १९४१ साली संगीत दिले.

त्याची तक्रार आपल्याला परकी वाटू नये. पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. आपल्या शास्त्राने श्रुती मानल्या बावीस. पट्ट्यांच्या मधले स्वर पेटीतून निघत नाहीत, म्हणून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला आणि त्यातूनच श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग झाला. ह्याच तक्रारीपायी १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. पार्चने एका सप्तकाचे त्रेचाळीस स्वर केले. त्याने पायपेटी नव्याने स्वरात लावून घेतली, तेव्हा एकच सप्तक वाजविण्यास साध्या पेटीच्या साडेतीन सप्तकांइतक्या पट्ट्या लागू लागल्या! हे स्वर देणारी वाद्ये बाजारात कोठून मिळणार? ती त्याने स्वतःच्या हातांनी घडविली.

त्या संध्याकाळी पडदा दूर झाला, तेव्हा आम्हांला क्षणभर एखाद्या सुताराच्या कार्यशाळेत आल्यासारखे वाटले. निलगिरीच्या फांदीला भोपळे टांगलेले आणि प्रत्येक भोपळ्याला चिनी देवळातील घंटा जडविलेली. बाटल्या ओळीने मांडलेल्या. आतील तारा काढून टाकलेल्या दिव्यांची एक आरास. मोठ्या लाकडी फळ्यांच्या वाद्याजवळ वादक उभा, आणि त्यातील खर्ज असा की तो कानांपेक्षा छातीलाच अधिक जाणवावा. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ प्रथम हसले. दहा मिनिटांनी मात्र ते डोळे मिटून ऐकत होते.

ह्या सर्वांत आमचे लक्ष वेधून घेतले ते काचेच्या मोठ्या वाडग्यांनी. लाकडी चौकटीत ते उलटे टांगलेले होते. बर्कली येथील किरणोत्सार प्रयोगशाळेने टाकून दिलेल्या काचेच्या मोठ्या बरण्या कापून पार्चने ते १९५०च्या सुमारास तयार केले. त्यांच्या कडेवर मऊ टोकाच्या काठीने हलकेच आघात केला की घंटानादासारखा स्वर उमटतो. पण ही काच तडकते. बरणी ज्या जागी कापली जाते तेथेच स्वर ठरतो, त्यामुळे फुटलेल्या वाडग्याच्या जागी तंतोतंत तोच स्वर देणारा दुसरा मिळणे महाकठीण.

येथेच खरा पेच आहे. ही वाद्ये काचेच्या कपाटात ठेवली तर टिकतील, पण मुकी होतील. आणि वाजविली तर दर कार्यक्रमाला त्यांचे आयुष्य पणाला लागेल. पार्च १९७४ साली निवर्तला. त्यानंतर ती सॅन डिएगोला राहिली, मग न्यू जर्सीतील माँटक्लेअर विद्यापीठात आणि २०१४ साली सिएटलला आली. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्यांची डागडुजी केली आणि कोणीतरी ती शिकविली. हे शिकविणे सोपे नव्हते. प्रत्येक वाद्याचे स्वरलेखन निराळे. म्हणजे एक वाद्य येते म्हणून दुसरे वाचता येईल असेही नाही. विद्यार्थी यावेत, मोठ्या कष्टाने शिकावेत आणि पदवी घेऊन निघून जावेत. मग पुन्हा पहिल्यापासून नव्यांना धडे! तरीही त्या विद्यापीठांनी मुक्या सुरक्षिततेपेक्षा वाजण्यातील धोका पत्करला. त्या संध्याकाळी काचेच्या वाडग्यांपुढे विशीतील एक मुलगी उभी होती. तिचा हात किती सावध होता आणि तरीही किती निःशंक, हे आम्ही पाहिले. काच फुटेल ह्याची जाणीव असूनही ती वाजवीत होती.

वाचकहो, आपल्या घुमटाचे काय? मातीचे मडके आणि एका तोंडाला ताणलेले कातडे, एवढेच ते वाद्य. पण लग्नघरात ते घुमू लागले की वऱ्हाडी मंडळींचे पाय जागेवर राहत नसत. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले आणि कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. कातडे बदलले, नाद थोडा बदलला, वाद्य मात्र जगले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. हा गौरव योग्यच आहे. तथापि मानपत्राने वाद्य वाजत नाही. त्याला हात लागतात.

घरभेटींच्या निमित्ताने एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात आम्ही एक जुने घुमट पाहिले. आजोबांची आठवण म्हणून ते काचेच्या कपाटात ठेवले होते. घरातील नातवाने ते हातात घेऊन पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा आई म्हणाली, "नको रे बाळा, फुटेल!" त्या माउलीची भीती खोटी नव्हती; मडके फुटतेच. परंतु मडके पुन्हा घडविणारा कुंभार अद्याप आपल्यात आहे. त्यावरचा ठेका मात्र आजोबांच्या बोटांबरोबर गेला, तर तो कोणत्या भट्टीत भाजून मिळणार? आम्ही त्या बाईंना विनंती केली आणि कपाट उघडले गेले. मुलाने घुमट मांडीवर घेतले व बोटांनी दोनदा थाप दिली. ठेका चुकलेला होता, पण स्वयंपाकघरातून आजी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "असं नाही, बाळा. इकडे आण."