वांग्याचा भाव

रातातुई म्हटलं की २००७ चा तो पिक्सारचा उंदराचा सिनेमा आठवतो. पण मुळात हा दक्षिण फ्रान्समधल्या नीसकडचा, शेतकऱ्याच्या घरातला पदार्थ. उन्हाळ्यात मळ्यात जे निघेल ते, म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी, ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवायचं. आमच्या वऱ्हाडात वांग्याची जोडी रोडग्यांशी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप. (त्याला ‘रस्टिक’ म्हणणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.)

मागच्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन पुदुच्चेरीला गेलो. फ्रेंच तिथून १९५४ साली गेले, मेन्यूत मात्र राहिले. व्हाइट टाउनमधल्या एका गाजलेल्या रेस्टॉरंटबाहेर पाऊण तास रांगेत थांबलो. आई शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी रातातुई मागवली. तिनं काटा बाजूला ठेवला, हातानं ब्रेड मोडून रसात बुडवला.

“हे तं वांगं हाय बाप्पा! तिखटच नाही टाकलं त्याईनं.”

बाबा गप्प. त्याच साली अकोल्याजवळच्या आमच्या वावरात वांग्याला तोडणीच्या मजुरीइतकाही भाव मिळाला नव्हता. शेवटी बाबांनी उभ्या पिकात ढोरं सोडली होती.

“केवढ्याले हाय हे?”

मी आकडा सांगितला. त्यांनी प्लेटमधल्या वांग्याच्या चकत्या बोटानं मोजल्या. सगळ्या मिळून एक वांगंही भरत नव्हतं.

“अजून एक बलाव,” ते म्हणाले. “तुही माय खाऊन राह्यली.”