दहाने भागा

१९९९च्या आसपास मी पुण्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मोडेम बसवून द्यायचा, ही माझी ड्यूटी. कार्ड स्लॉटमध्ये घालायचं, ड्रायव्हर टाकायचा, फोनची वायर जोडायची, दोन-तीनदा डायल करून तो खरखराट नीट संपतोय ना ते ऐकायचं. एवढं झालं की काम संपलं. खरा वेळ जायचा तो त्यानंतरच्या जाबजबाबात.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘५६के’ छापलेलं असे. गिऱ्हाईक हौसेने एखादी फाइल उतरवायला घेई आणि खिडकीत आकडा येई सेकंदाला ४.२ केबी. “अहो, छप्पन्नाचे पैसे घेतलेत ना? मग हे चार काय?”

मोडेमवाले बिट मोजतात, फाइलवाले बाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५६,००० भागिले आठ, ७,००० बाइट. बहुतेकांना एवढं पुरे. पण सदाशिव पेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांना पुरेना. “सात कळले. खिडकीत चार आहेत. तीन कुठे गेले?” हाताशी वही होतीच.

त्या तिनाचा हिशेब द्यायला मला दुकानातल्या सीनियरना गाठावं लागलं. हे गृहस्थ ३०० आणि २,४०० बिटांच्या मोडेमवर हात बसवलेले. ते म्हणाले, “आठाने कशाला भागतोस? दहाने भाग.” जुन्या मोडेममध्ये प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांच्या पुढे एक आणि मागे एक बिट जाई, अक्षर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे समोरच्या यंत्राला कळावं म्हणून. म्हणजे अक्षरामागे दहा बिट. ३०० बिटांच्या मोडेमवर सेकंदाला तीस अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ उमटायला पावणेतीन सेकंद लागत, वाचणारा माणूसच पुढे जाई.

पुढे चुका दुरुस्त करणारे मोडेम आले, तेव्हा ती दोन बिटं फोनच्या तारेवरून नाहीशी झाली. तरी दहाचा भागाकार टिकला, कारण त्यांची जागा पाकिटांनी घेतली. इंटरनेटवर मजकूर तुकड्या-तुकड्यांनी जातो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा. शिवाय बिघडलेला तुकडा पुन्हा मागवायचा. मला हे स्पष्टीकरण तेव्हाही फार आवडलं होतं.

आता छप्पन्नाचं. एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात. त्यातल्या प्रत्येकी सात बिटांवर भरवसा ठेवता येई, म्हणून ५६,०००. तेही फक्त येणाऱ्या बाजूला. जाणारी बाजू ३३,६००वर थांबे. अमेरिकेतल्या मुलाला फोटो पाठवणाऱ्यांना हे फार जाचे. आणि येणारे ५६,०००ही घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार चांगली असेल, तरच. पुण्यातल्या वाड्यांत ४४,००० लागला तर मी खूश असे. दहाने भागा, ४.४.

उलटा प्रकारही होई. काही मशीनवर विंडोज जोडणी झाल्याझाल्या १,१५,२०० दाखवी. तो कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या पोर्टचा वेग, फोनलाइनशी त्याचा संबंध नाही. पण त्या आकड्यावर शेजाऱ्यांना बोलावून आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

हाच भागाकार मी आजही वापरतो. पुतण्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे. आठाने साडेबारा एमबी, दहाने दहा, आणि वायफायवरून त्याला साधारण दहाच मिळतात. एक जीबीचा सिनेमा शंभर सेकंदांत. तोच माझ्या ४४,०००वर उतरवायचा तर त्रेसष्ट तास, आणि तेवढा वेळ घरातल्या कोणी फोन उचलायचा नाही. आपल्याकडे २००४मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली ती २५६ केबीपीएसची. म्हणजे सेकंदाला पंचवीस केबी. तेव्हा तेही ऐश्वर्य वाटलं होतं.

बँकेतल्या काकांनी मात्र वही चालूच ठेवली. तारीख, जोडणीचा वेग, फाइलचा आकार, लागलेला वेळ. साधा मजकूर हिशेबापेक्षा लवकर येतो आणि गाणं तसं येत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं. मोडेम मजकूर दाबून लहान करतो, एमपी३ आधीच दाबलेलं असतं. पावसाळ्यात त्यांच्या वहीत ४४,०००चे २६,४०० झाले, आणि पाऊस उघडला की दोन दिवसांनी पुन्हा वर. त्यांनी ती पानं लाइनमनपुढे धरली. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं असतं तर तो फोनची घंटी वाजवून परत गेला असता. तो वाड्याच्या दारातल्या फोनच्या डीपी बॉक्सवर चढला, हिरवा पडलेला जॉइंट कापून नवा केला आणि उतरून म्हणाला, “आता बघा काका, किती लागतोय.”