दस्तरखानावरचं पापलेट कुठून येतं?

एका जुम्म्याच्या दुपारी आमच्या घरी दस्तरखान पसरलं होतं. तांदळाची भाकरी, डाळ आणि हिरव्या मसाल्यात तळलेलं पापलेट असा बेत होता. धाकटीने पहिला घास घेण्याआधी विचारलं, "हा मासा झबह कोणी केला?" आम्ही हसलो. माशाला झबह लागत नाही, समुद्रातली शिकार अल्लाहने आपल्यासाठी हलाल केली आहे, असं तिला समजावलं. तिचं तेवढ्यावर भागलं नाही. "मग हा आला कुठून?" आम्ही म्हटलं, "बाजारातून." "आणि बाजारात कुठून आला?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मटण घेताना आम्ही दुकान बघतो, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचतो. पण सूरह बकराच्या 168 व्या आयतीत हलालच्या जोडीला दुसरा एक शब्द आला आहे, तो म्हणजे तय्यब. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध, निर्मळ. पहिल्या शब्दाची आपण इतकी काळजी घेतो, मग दुसऱ्याची का घेत नाही? मासेवाली पापलेट 'सातपाटीचं' म्हणून विकते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. तेव्हा सातपाटीला जायचं ठरलं.

जानेवारीतल्या एका रविवारी फज्रनंतर आम्ही मुलांना घेऊन मीरा रोडहून निघालो. विरारला गाडी बदलून डहाणू लोकल पकडली. 2013 साली ही लोकल डहाणूपर्यंत सुरू झाली आणि मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना हा भाग जवळचा झाला. वैतरणा, सफाळे, केळवे रोड अशी एकेक स्टेशनं मागे पडली आणि इमारतींच्या जागी शेतं, ताडाची झाडं आणि खाडीचं पाणी दिसू लागलं. केळवे-माहीमच्या पट्ट्यातल्या वाड्यांत खायच्या पानांचे वेल वाढवतात. घरात लग्न निघालं की ज्या पानाच्या तबकाशिवाय आपलं चालत नाही, त्यातली कित्येक पानं इथूनच जातात.

पालघरला उतरून आम्ही सातपाटीला पोहोचलो, तेव्हा रात्रीच्या बोटी नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्या डोक्यावर घेऊन बाया भराभर चालत होत्या. किनाऱ्याला लागून बांबू रोवलेले होते आणि त्यांवर ओळीने बोंबील टांगले होते. धाकटी तिथेच थांबली. बोंबील बांधायला दोरा किंवा खिळा कुठेच दिसत नव्हता. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची, की झालं. बांबूच्या या मांडवाला इथे वलांडी म्हणतात. ऊन चांगलं असलं तर दोन-तीन दिवसांत बोंबील वाळतो. शेजारी जवळा पसरलेला होता आणि एक आजी काठी घेऊन कावळे हाकलत बसली होती.

"मावशी, पापलेट कसं दिलं?" आम्ही एकीला विचारलं. तिने आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घ्यायचं हाय का नुसतं बघायचं?" मग हसली आणि टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. वर मोठी पापलेटं होती. खाली एका कोपऱ्यात तळहाताएवढी पिल्लंही होती. त्यांचा वाटा अगदी स्वस्त होता. आम्ही तिकडे हात नेला तेव्हा तीच म्हणाली, "ते नका घेऊ. त्याने अजून एकदाबी अंडी नाय घातली."

या एका वाक्याने आम्हांला बरंच शिकवलं. रूपेरी पापलेटाला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर करण्यात आलं. सातपाटीचं नाव याच माशामुळे झालं. इथे मच्छीमारांच्या दोन जुन्या सहकारी संस्था आहेत. त्यांच्याकडे पापलेट वजनाप्रमाणे निवडलं जातं आणि मोठ्या मालाला मोठा भाव मिळतो. पण वर्षागणिक मोठं पापलेट कमी मिळतं, असं इथले लोक सांगतात. कारणं त्यांना तोंडपाठ आहेत. मोठमोठे ट्रॉलर, पर्ससीनची प्रचंड जाळी आणि बारीक आसाची जाळी यांत लहानमोठं सगळंच येतं. संशोधकांनी पापलेटासाठी 135 मिलिमीटरची किमान लांबी सुचवली आहे. त्याहून लहान मासा पकडू नये आणि विकू नये, हा त्यामागचा अर्थ. पण लहान मासा विकत घेणारा कोणी नसेल, तर तो धरेल कोण? ते गिऱ्हाईक आम्हीच होतो. स्वस्त पडतं, मुलांच्या ताटात अख्खं बसतं, म्हणून इतकी वर्षं आम्ही हौसेने तीच पिल्लं आणत होतो.

मावशीने मग विचारलं, "टोपल्यात अशी दिसली तर तुमी घेता ना, म्हणून येतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही मात्र मान खाली घातली आणि दोन मोठी पापलेटं आणि सुक्या बोंबलाची एक जुडी घेतली.

सातपाटीहून पालघरला परत येऊन आम्ही लोकलने बोईसर गाठलं. उमरोळीनंतरचंच स्टेशन. इथे उतरल्यावर वाऱ्याचा वास बदलतो. तारापूर औद्योगिक वसाहत इथेच आहे. रसायनं, औषधं, कापड यांचे कारखाने आहेत आणि उत्तर प्रदेश, बिहारपासून ओडिशापर्यंतचे कामगार त्यांत काम करतात. स्टेशनबाहेरच्या एका गल्लीत आम्हांला लिट्टी मिळाली, तर पुढच्या वळणावर तंदुरी रोटीची भट्टी. पोटासाठी माणूस आपलं गाव सोडतो, पण जिभेवरचं गाव सोबत घेऊन येतो.

आमच्या नात्यातल्या एका खाला तारापूरला राहतात. बोईसरहून रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. तारापूर जुनं बंदर. गावात पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला आहे, तो 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला. आज मात्र तारापूर म्हटलं की लोकांना 1969 मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आठवतं. पुढे 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. घर दुसरीकडे बांधून मिळतं, पण समुद्र काही कुणाला बांधून देता येत नाही.

खालांनी आमची पापलेटं हातात घेतली, कल्ले उघडून बघितले आणि मान डोलावली. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लसूण, ओलं खोबरं आणि चिंच असा मसाला त्यांनी पाट्यावर वाटला. मिक्सर फडताळात होता, पण पाट्यावरचं वाटण पाणी सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. माशाला चिरा पाडून मसाला आत भरला, वरून तांदळाचं पीठ लावलं आणि मंद आचेवर तळलं. सोबत तिसऱ्यांचं सुकं आणि कोलमचा भात.

जेवायला शेजारचे एक भाईही आले होते. मूळचे आझमगढचे, गेली वीस वर्षं इथल्या कारखान्यात. खालांचं घर कोकणी, शाफई मसलकाचं, त्यांच्याकडे तिसऱ्या आवडीने खातात. भाई हनफी. त्यांच्या मसलकात समुद्रातल्या जिवांपैकी फक्त मासा खातात. खालांनी न विचारता तिसऱ्यांचं ताट त्यांच्यापासून दूर ठेवलं आणि पापलेटाचा मोठा तुकडा त्यांच्याकडे सरकवला. ना वाद, ना चर्चा. धाकटीने मोठ्याने विचारलंच, "मग बरोबर कोण?" भाई म्हणाले, "बेटा, दोनों के इमाम बड़े लोग थे. तू मछली खा." सगळे हसले आणि जेवण पुढे चाललं.

तिसऱ्यांवरून मात्र खाला थोड्या गंभीर झाल्या. "या लांबून मागवल्यात. पूर्वी आम्ही जवळच्या खाडीतून काढायचो. आता विचारल्याशिवाय घेत नाही." या भागातल्या मच्छीमारांचं हे दुखणं जुनं आहे. कारखान्यांचं सांडपाणी नाल्यांतून खाडीत आणि नवापूरच्या समुद्रात जातं. दांडी, उच्छेळी, मुरबे या गावांची उपजीविका त्याच पाण्यावर. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई भरण्याचा आदेश दिला. ज्यांनी तक्रार केली ते मासेमारी करणारे साधे लोक होते. त्यांच्या तक्रारीचा फायदा मासे खाणाऱ्या प्रत्येकाला आहे, आमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांनाही.

भाई हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "हमारी रोटी भी वहीं से आती है." तेही खरंच होतं. कारखाना बंद पडावा असं त्या दस्तरखानावर कुणालाच वाटत नव्हतं. सांडपाणी स्वच्छ करून सोडावं, एवढंच सगळ्यांना हवं होतं. एकाच्या रिज्कसाठी दुसऱ्याचा रिज्क मारावा लागू नये.

जूनच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा पालघरला गेलो. या वेळी समुद्र बंद होता. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण तेव्हा पुष्कळ मासे अंडी घालतात. धाकटी म्हणाली, "म्हणजे समुद्राचा रमजान!" आम्हांला ती उपमा आवडली. या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरांत जानेवारीत वाळवलेले बोंबील बाहेर निघतात. डोकं आणि शेपूट काढायचं, कोमट पाण्यात थोडे भिजवायचे, कांदा, वांगं आणि चिंचेत शिजवायचे.

मासे नसले तरी पालघरचा बाजार भरलेला होता. डोंगराकडच्या पाड्यांवरून वारली बाया पहिल्या पावसाच्या रानभाज्या घेऊन आल्या होत्या. शेवळाच्या जुड्या होत्या आणि प्रत्येक जुडीजवळ हिरवी, आंबट काकडं. "काकडं टाकल्याबिगर शिजवू नका, घसा खाजंल," भाजीवाल्या ताईंनी बजावलं. नुसतं शेवळ घशाला चरचरतं, काकडाच्या आंबटपणाने ते निवतं. हे ज्ञान आईकडून मुलीकडे आलेलं. जवळच बहाडोलीची जांभळं होती, टपोरी आणि गोड. या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा कोलम तांदळाला ते 2021 मध्येच मिळालं होतं. बारीक दाण्याचा, पचायला हलका असा हा तांदूळ. पण 'वाडा कोलम' लिहिलेल्या प्रत्येक पोत्यातला तांदूळ वाड्याच्या मातीतला असतोच असं नाही, म्हणून मानांकनाला महत्त्व.

त्या बाजारात आमच्याकडून एक चूक झाली. शेवळाच्या दोन जुड्यांसाठी आम्ही ताईंशी दहा रुपयांची घासाघीस केली आणि जिंकलो. नंतर स्टेशनवर शीतपेयाच्या बाटल्या छापील किमतीत, चकार शब्द न काढता घेतल्या. थोरल्याने ते बरोबर हेरलं. "तिथे तुम्ही भांडलात, इथे का नाही?" मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनमध्ये एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. ती आम्ही नेहमी दुकानदाराला लावत आलो. पहाटे डोंगर उतरून आलेल्या बाईचे दहा रुपये कापणारं गिऱ्हाईकही त्यात बसतं का, असा विचार गाडीत बसल्यावर आला. गाडी सुटेपर्यंत थोरला धावत जाऊन दहा रुपये देऊन आला. ताई आधी गोंधळल्या, मग त्याच्या खिशात दोन मुठी जांभळं भरली. त्याचा सदरा जांभळा झाला आणि तो डाग अजून गेलेला नाही.

या किनाऱ्यावर पुढे काय होईल, हा प्रश्न तिथे सगळ्यांच्याच बोलण्यात येतो. चिंचणीच्या उत्तरेला वाढवण येथे मोठं बंदर होत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. काहींना त्यात नोकऱ्या दिसतात. मच्छीमारांना आपली मासेमारीची जागा जाताना दिसते, आणि त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. आम्ही दोन दिवसांचे पाहुणे, निवाडा करणारे आम्ही कोण? पण आमच्या ताटातला घास ज्यांच्या हातून येतो, त्यांचं म्हणणं ऐकण्याइतकं नातं तरी आमचं त्यांच्याशी आहे.

घरी आता एक नवी सवय लागली आहे. मासे घेताना आम्ही वीतभरापेक्षा लहान पापलेट घेत नाही. महाग पडतं, म्हणून महिन्यातून एकदाच आणतो, एरवी बांगडा किंवा सुका बोंबील. जून-जुलैमध्ये कोणी ताजं पापलेट दाखवलं तर कुठून आलं ते विचारतो. भाजीवालीशी भाव करत नाही. फार मोठं काही केलं असं नाही.

परवा दस्तरखानावर शेवळाची भाजी होती. धाकटीने बिस्मिल्लाह म्हटलं आणि घास हातात धरून विचारलं, "ही कुठून आली?" या वेळी थोरल्याने उत्तर दिलं, पाड्यापासून स्टेशनपर्यंत सगळं. भाजी थोडी गार झाली, पण आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही.